लाल दिव्याची गाडी

१ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. आमच्या दाजींच्या गाडीतले मात्र अजून शाबूत आहेत. फरक एवढाच, की ते टपावर नाहीत, डॅशबोर्डात आहेत. आणि ते लागले की रस्ता मोकळा होण्याऐवजी तुंबतो.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि पुढे सलग सीट, ज्यावर एके काळी तीन माणसं आणि एक मूल बसून महाबळेश्वरला जात आणि त्याबद्दल कुणालाही पाठदुखी होत नसे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या कंपनीची ही कुर्ल्याच्या कारखान्यातली लेक. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला निवृत्त झाली, तेव्हापासून दाजींच्या बोलण्यात ‘वारसा’ हा शब्द येऊ लागला. कायद्याने व्हिंटेज म्हणवून घ्यायला पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात. हिला अजून अवकाश आहे. तोवर ती नुसतीच जुनी आहे, आणि दर पाच वर्षांनी आरटीओत पर्यावरण कर भरून ‘मी अजून आहे’ असं सांगून येते.

दाजींना एलईडीचा नाद लागला तो घरापासून. २०१५ मध्ये सरकारने उजाला योजनेत स्वस्तात एलईडी बल्ब द्यायला सुरुवात केली आणि दाजींनी दिवाणखान्यापासून सुरुवात करून देवघरातल्या विजेच्या समईपर्यंत सगळं घर बदलून टाकलं. बिल खरोखर कमी आलं. हीच चूक झाली. बिल कमी आलं नसतं तर माणूस थांबला असता. घरातले बल्ब संपल्यावर दाजी एका संध्याकाळी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत नुसतेच बसून राहिले. ताईने गॅलरीतून पाहिलं आणि मला फोन केला, “हे खाली गाडीत बसलेत आणि डॅशबोर्डाकडे बघतायत. तू येऊन जा.”

डॅशबोर्डातल्या इशाऱ्याच्या दिव्यांना एलईडी बसवून वीज वाचवण्याची कल्पना नीट समजून घेण्यासारखी आहे. ऑइलचा दिवा, चार्जिंगचा दिवा, हे दिवे सगळं ठीक असेल तेव्हा बंद असतात. त्यांचा धर्मच तो. किल्ली फिरवली की लागतात, इंजिन सुरू झालं की विझतात. दिवसाकाठी फार तर दहा सेकंदांची नोकरी. म्हणजे जो दिवा लागतच नाही, त्याची वीज वाचवायची. शिवाय एलईडीच्या पाकिटावर आयुष्य लिहिलेलं असतं पन्नास हजार तास. रोज दहा सेकंदांच्या हिशेबाने ते एकोणपन्नास हजार वर्षांच्या वर जातं. मी हा हिशेब दाजींना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी कागद बारकाईने पाहिला आणि म्हणाले, “बघ. म्हणजे एकदा बसवले की परत बघायला नको.”

त्यांच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगायला हव्यात. जुने बल्ब आतून काळवंडलेले असतात. फिलामेंटचा टंगस्टन उडून काचेवर बसतो. भर दुपारी सूर्य पाठीशी असला की ऑइलचा दिवा लागलाय की नाही हे ओंजळ धरून बघावं लागतं, आणि तोवर बेअरिंगं गेलेली असतात. दुसरं असं, की मीटरच्या मागचा बल्ब बदलणं हे जिकिरीचं काम. स्टिअरिंगखाली उताणं झोपायचं, एक हात मनगटापर्यंत आत घालायचा, स्पीडोमीटरच्या केबलची चकती बोटांच्या टोकांनी आंधळेपणाने फिरवून सोडवायची, आणि ती सुटली की पुढचं सगळं चाचपत. चाळिशीनंतर हे काम माणसाने आयुष्यात एकदाच करावं. तेव्हा ‘परत बघायला नको’ ही आस मला समजते.

खरेदी पुण्याच्या नाना पेठेत झाली. दुकानदाराने डबा उघडून विचारलं, “मीटरचे बल्ब एलईडीत? पांढरे देऊ, का रंगीत?”

“पांढरेच द्या,” दाजी म्हणाले, “पांढऱ्यात सगळे रंग असतात.”

सूर्याच्या पांढऱ्यात असतात. पांढरा एलईडी हा मुळात निळा एलईडी असतो. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा थर दिलेला असतो आणि आपल्या डोळ्यांना ते मिश्रण पांढरं वाटतं. तो निळा दिवा तयार व्हायलाच इतका काळ लागला, की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या पांढऱ्यात निळा भरपूर, लाल बेताचाच. जुन्या पिवळट बल्बमध्ये लाल मुबलक होता, म्हणून लाल काचेमागे तो रक्तासारखा पेटायचा. पांढरा एलईडी तिथे बसवल्यावर ऑइलचा दिवा गुलाबी दिसू लागला. इंजिनात तेलाचा दाब नाही ही बातमी गुलाबी रंगात आली, तर तिला घाबरायचं कसं? लाल काचेमागे लाल एलईडीच लागतो. तो १९६२ पासून दुनियेत आहे, स्वस्त आहे आणि त्याच डब्यात शेजारच्या कप्प्यात होता.

पण हे सगळं नंतर कळलं. आधी वायरिंग पाहू. मीटर पुढे ओढल्यावर मागून जे बाहेर आलं, त्यात कुर्ल्याच्या कारखान्याची वायर शोधावी लागत होती. चाळीस वर्षांत जेवढे मिस्त्री झाले, तेवढ्यांनी आपापल्या हाताशी असलेल्या रंगाची वायर घातलेली. एका ठिकाणी लाल वायर मध्येच हिरवी झाली होती, आणि जोडावरची चिकटपट्टी काढल्यावर त्याखाली आणखी एक, घरगुती फिटिंगमधली चिकटपट्टी निघाली. रंगावरून प्लस-मायनस ओळखायची सोय नाही. जुन्या बल्बला त्याची पर्वाही नव्हती. फिलामेंटला करंट डावीकडून आला काय, उजवीकडून आला काय, सारखंच. एलईडी हा डायोड. एकाच बाजूने वाट देतो. उलटा बसला की पेटतच नाही. काढायचा, अर्धा फेरा वळवायचा, परत बसवायचा. त्यात जळत-बिळत काही नाही, फक्त बोटं सोलतात.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा निम्मे दिवे लागले. दाजींनी न लागलेले एकेक काढून उलटे केले. चार्जिंगचा मात्र तसाच ठेवला. मी विचारलं, “तो राहिला ना?”

“तो लागला तर काहीतरी बिघडलंय. नाही लागला म्हणजे चार्जिंग उत्तम,” दाजी म्हणाले.

या वाक्यात तर्काची एकही फट दिसत नाही, हा त्याचा दोष. इंजिन बंद असताना किल्ली फिरवल्यावर चार्जिंगचा दिवा लागायलाच हवा. तो दिव्याचा हजेरीपट आहे. जो हजेरीलाच नाही, त्याच्या नंतरच्या मौनाला काय अर्थ?

पुढचे काही दिवस दाजी फार समाधानात होते. डॅशबोर्ड अंधारा, शांत, एकाही इशाऱ्याविना. आणि मग पावसाच्या एका संध्याकाळी अलका चौकात, हेडलाइट चालू, वायपर चालू, सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. किल्ली फिरवली तर स्टार्टरने एकदा ‘टक्’ केलं आणि तोही गप्प बसला. अलका चौकात गाडी बंद पडणं म्हणजे सार्वजनिक व्याख्यानमालेचा विषय होणं. धक्का द्यायला चौघे आले, सल्ला द्यायला किती ते मोजवेना. “काका, पेट्रोल आहे का बघा.” “अहो, प्लग ओले झाले असतील.” एका आजोबांनी छत्री न मिटता खिडकीत वाकून विचारलं, “विकायचीये का?”

घरी आल्यावर भाच्याने मल्टिमीटर लावला. धडधाकट बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते, आणि इंजिन चालू असताना तिच्या टोकांवर १४ च्या आगेमागे यायला हवेत. बॅटरी चार्ज करून आणून गाडी सुरू केली, तरी काटा बारापाशीच. म्हणजे अल्टरनेटर नुसता फिरत होता. एलईडी सुलटा करून बसवला, तर उलट तक्रार सुरू झाली: दिवा किल्लीबरोबर लागला, पण इंजिन सुरू झाल्यावर विझेचना. दाजींनी चिडून जोरात रेस दिली. दिवा विझला, व्होल्ट चौदावर गेले. “बघ, लाजत होती,” दाजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. सोसायटीत सकाळी सहा वाजता रोज एकदा पद्मिनीची गर्जना होऊ लागली, आणि तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी काका ‘फक्त विचारपूस करायला’ खाली येऊ लागले.

मग मिस्त्री आले. ऑटो इलेक्ट्रिशियन माणसाचं एक हत्यार असतं, टेस्ट लॅम्प: गाडीचाच एक बल्ब, त्याला दोन वायरी, एका टोकाला सुई किंवा चिमटा. हजारोंच्या मीटरपेक्षा मिस्त्रीचा त्या बल्बवर विश्वास जास्त. बॉनेट उघडं, इंजिन चालू, डॅशबोर्डात लाल दिवा पेटलेला. मिस्त्रींनी एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं, दुसरं अल्टरनेटरच्या मागच्या बारीक वायरीला टेकवलं. टेकवताच डॅशबोर्डातला दिवा विझला आणि व्होल्ट वर चढले.

“लूज होतं, झालं,” मिस्त्री म्हणाले. पैसे घेतले, गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल दिवा. पुन्हा मिस्त्री. पुन्हा टेस्ट लॅम्प टेकवला, पुन्हा विझला. आता मिस्त्रींनी तोंडातली सुपारी गालात सरकवली आणि स्वतःच्या टेस्ट लॅम्पकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग डोकं आत घालून मीटरकडे पाहिलं. “साहेब,” ते म्हणाले, “हिला तुमचा दिवा चालत नाही. हिला माझा दिवा लागतो.”

हे अक्षरशः खरं होतं. अल्टरनेटरच्या पोटात जे लोहचुंबक फिरतं ते कायमचं चुंबक नसतं. त्याच्या गुंडाळीतून करंट गेला तरच ते चुंबक होतं, आणि चुंबक झालं तरच वीज तयार होते. तो पहिला घोटभर करंट कुणी द्यायचा? बॅटरीने. कोणत्या वाटेने? चार्जिंगच्या दिव्यातून. दोन-तीन वॅटचा जुना बल्ब सुमारे २०० मिलिअँपिअर जाऊ देतो; तेवढ्यात अल्टरनेटर जागा होतो. एकदा जागा झाला की स्वतःचं स्वतः भागवतो, दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो, करंटला वाहायला कारण उरत नाही आणि दिवा विझतो. एलईडी वीसेक मिलिअँपिअरमध्ये झगझगीत पेटतो, तेवढंच पुढे सोडतो, आणि अल्टरनेटर कूस बदलून झोपतो. जोरात रेस दिल्यावर जागा होतो तो लोखंडात शिल्लक राहिलेल्या थोड्याशा चुंबकत्वामुळे. गाडीत मूळचा डायनॅमो असता तर हे रामायण घडलं नसतं. डायनॅमो त्याच शिलकी चुंबकत्वावर चालू होतो, त्याला दिव्याची गरज नाही. पण मधल्या कुठल्याशा मिस्त्रीने सुधारणा म्हणून अल्टरनेटर बसवला होता. एका सुधारणेने दुसरीला गाठलं.

पूर्वी सरकारी कचेरीत साहेबांच्या दाराशी स्टुलावर एक शिपाई बसलेला असे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, हा नुसता बसून पगार खातो. पण सकाळी कपाटाच्या किल्ल्या त्याच्याकडे, पहिली फाइल टेबलावर ठेवणं त्याच्याकडे, आणि तो आत जाऊन आल्याशिवाय साहेबांचा दिवस सुरू होत नसे. कार्यक्षमतेच्या नावाखाली त्याला काढलं आणि दारावर ‘साहेब आत आहेत’ असा झळझळीत बोर्ड लावला. बोर्ड लांबूनही वाचता येतो. फाइल हलत नाही. दाजींनी नेमकं हे केलं होतं.

भाच्याने बुधवार पेठेतून उपाय आणला. एलईडीच्या दोन्ही टोकांना समांतर एक रेझिस्टर जोडायचा, ६८ ओहमचा, पाच वॅट झेपणारा, पांढऱ्या चिनी मातीचा ठोकळा. एलईडी उजेड देईल, रेझिस्टर करंट देईल. जोडला, चालला. व्होल्ट चौदा, दिवा वेळेवर लागतो, वेळेवर विझतो. मग भाच्याने मोबाइलवर गुणाकार केला: रेझिस्टर खातो दोन वॅट. जुना बल्ब खात होता दोन वॅट. म्हणजे आता तीच वीज जाते, वर एलईडीची वेगळी, आणि तिचा उजेड न पडता नुसता चटका बसतो, कारण तो ठोकळा बराच तापतो. दाजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. ताई म्हणाली, “चहा टाकू?”

इंडिकेटरचं प्रकरण लहान, पण मला तेच जास्त आवडलं. दाजींच्या मीटरमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही वळणांना मिळून एकच हिरवा दिवा आहे. एलईडी बसवल्यापासून तो डावीकडे वळताना लुकलुके, उजवीकडे वळताना ठार अंधार. बाहेरचे बल्ब दोन्हीकडे लागत होते, म्हणजे दोष आतला. दाजींनी एलईडी उलटा केला. आता उजवीकडे लुकलुके, डावीकडे अंधार. ताईचं मत पडलं, की एकाच बाजूचं ऐकणारी माणसं तिने पाहिली आहेत, दिवा पहिल्यांदाच पाहतेय.

यामागची जोडणी एखाद्या कोकणी गवंड्याने काटकसरीने केल्यागत आहे. दिव्याचं एक टोक डाव्या वायरीला, दुसरं उजव्या वायरीला; अर्थला काहीच नाही. डावा इंडिकेटर दिला की करंट डाव्या बाजूने दिव्यात शिरतो आणि उजवीकडच्या थंड पडलेल्या २१ वॅटच्या मोठ्या बल्बांतून बॉडीला उतरतो. एवढ्याशा करंटने ते मोठे बल्ब पेटत नाहीत, फक्त वाट देतात. उजवा दिला की उलट प्रवास. फिलामेंटला दोन्ही प्रवास चालतात, एलईडीला एकच. चार छोटे डायोड चौकटीत जोडून, म्हणजे ब्रिज रेक्टिफायर मध्ये घालून, दोन्हीकडचा करंट एकाच दिशेला वळवता येतो. डायोड एक-दोन रुपयाला मिळतो. तो सोल्डर करायला उताण्या माणसाला लागणारा संयम कुठल्या पेठेत मिळतो ते मला माहीत नाही.

दाजींचा उत्साह अजून ओसरला नव्हता, म्हणून त्यांनी बाहेरचे इंडिकेटरही एलईडीचे केले. जुन्या फ्लॅशरमध्ये तापून वाकणारी पट्टी असते. ती तापायला मोठ्या बल्बांचा करंट हवा. तो मिळेना, तेव्हा इंडिकेटर लुकलुकायचा थांबून नुसता पेटून राहिला. मागच्या दुचाकीवाल्यांना त्यामुळे काही फरक पडल्याचं दिसलं नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणल्यावर तो उघडझाप करू लागला, पण तो जुना ‘टिक्-टॉक्’ आवाज गेला, आणि आता दाजी लक्ष्मी रोडवर वळले की पार शनिवारवाड्यापर्यंत इंडिकेटर चालू ठेवून जातात.

राहिल्या भुताटक्या. ऑइलचा दिवा पावसाळ्यात धड लागत नाही, धड विझत नाही. स्विचवरच्या ओल्या मळातून झिरपणारा करंट जुन्या बल्बला जाणवतही नसे, एलईडीला तेवढ्यावर मंद उजळायला पुरतो. मीटरच्या उजेडाचं बटण फिरवून दिवा हळूहळू मंद करायची सोय गेली. आणि शेजाऱ्यांच्या नव्वदीतल्या गाडीत पेट्रोल कमी असल्याचा दिवा एलईडीचा केल्यापासून खुळा झालाय. काही गाड्यांच्या टाकीत त्यासाठी थर्मिस्टर असतो: पेट्रोलमध्ये बुडालेला असताना थंड, उघडा पडला की दिव्याच्याच करंटने तापतो आणि मग दिवा लागतो. करंटच पुरेसा नाही, तर तापणार कशाने? हे शेजाऱ्यांना एका पेट्रोल पंपाच्या अलीकडे अर्धा किलोमीटरवर समजलं.

ताईच्या आग्रहाने शेवटी तह झाला. चार्जिंगच्या जागी जुना पिवळट बल्ब परत गेला, रेझिस्टरचा ठोकळा भाच्याच्या खणात गेला. ऑइलमागे लाल एलईडी, हेडलाइटच्या खुणेमागे निळा. तिथे ते झकास दिसतात, भर उन्हातही, आणि याचं श्रेय दाजींना द्यायलाच हवं. इंडिकेटरचा हिरवा अजून एकाच बाजूचा आहे. डायोड आणलेत, दाजी उताणे झोपायला मुहूर्त बघतायत.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर इंडिकेटरच्या आणि पेट्रोलच्या दिव्याच्या खोड्या लक्षात ठेवून बाकीचे दिवे खुशाल बदला, पण चार्जिंगच्या दिव्याला हात लावू नका. आणि बदलाबदल झाल्यावर इंजिन सुरू करायच्या आधी किल्ली फिरवून ऑइल आणि चार्जिंग दोन्ही दिवे लागतात का, एवढं बघाच. जुन्या पद्धतीचा मीटरचा बल्ब नाना पेठेत अजून मिळतो. दोन घेऊन ठेवा.